आडवा की उभा

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी १०० मीटरवरून पाच गोळ्या झाडल्या, चालत जाऊन टार्गेटचा कागद काढला आणि तिथेच थबकलो. पन्नासवर हीच रायफल, याच डब्यातल्या गोळ्या आणि हाच मी, रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा घोळका, देतो. पट्टीनं मोजला तर १८ ते २० मिलिमीटर. अंतर दुप्पट तर ग्रुप दुप्पट, म्हणजे फार तर चार सेंटिमीटर, असा साधा हिशेब मनाशी धरून मी गेलो होतो. समोर होता साडेसहा सेंटिमीटरचा. परत येऊन पडलो, पुन्हा पाच झाडल्या. सहा. आणखी पाच. जवळजवळ सात. एखादी गोळी भरकटली असती तर समजूत घालता आली असती, पण तीनही कागद तेच सांगत होते. गोळ्या अडवायला मातीचा ढिगारा असलेलं गावाबाहेरचं ते जुनं फायरिंग बट, रीतसर परवानगी काढून मिळालेले चार तास, मॅटखाली दहिवरानं ओली झालेली माती, कोपरांना लागलेली थंडी, सगळं एकाएकी नकोसं झालं. निघताना मी ते तीनही कागद राखणदाराच्या शेकोटीत टाकले. कागद पेटताना काळ्या वर्तुळातली भोकं आधी उजळतात, मग मोठी होत जातात, मग कागदच उरत नाही.

संध्याकाळी उस्तादांना फोन केला. कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी मला रायफल धरायला शिकवली. मराठा लाइट इन्फंट्रीतला माणूस, आता साताऱ्याकडच्या आपल्या गावी असतात. ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "उस्ताद, शंभरवर ग्रुप साडेसहा सेंटिमीटरचा पडतोय. पन्नासवर दोनच्या आत आहे." पलीकडून म्हशीला हाकारल्याचा आवाज आला आणि मग त्यांनी विचारलं,

"आडवा हाय का उभा?"

मला उत्तर देता आलं नाही. किती, ते मी मिलिमीटरपर्यंत सांगू शकत होतो. कसा, ते मी पाहिलंच नव्हतं. पट्टी लावली होती ती सर्वांत लांबच्या दोन भोकांवर. बाकीची तीन कुठे होती, ती रेघेत होती की गोलात, खाली सांडली होती की बाजूला, काही आठवेना. आणि कागद तर शेकोटीत गेलेले. "बघून सांगतो," एवढंच म्हणालो. "बघ," ते म्हणाले आणि फोन ठेवला. ते रागावले नव्हते. तरी मला रात्रभर झोप आली नाही.

एनसीसीची आमची रेंज होती २५ यार्डांची. जीपमागच्या ट्रेलरमधून .२२ च्या डिलक्स रायफली यायच्या. रायफल तेलाचा आणि जळक्या बारुदाचा वास, पुलथ्रूच्या, म्हणजे नळी पुसायच्या दोरीच्या, टोकाला अडकवलेली चिंधी नळीतून काळी होऊन निघायची तो क्षण, मोजून हातावर ठेवलेल्या पाच गोळ्या, आणि फायरिंग संपल्यावर झाडलेल्या गोळ्यांची पाचही रिकामी खोकी परत मोजून देईपर्यंत कुणी जागेवरून हलायचं नाही ही शिस्त. पहिल्या वर्षी आम्हा सगळ्यांना बुल हवा असायचा. कुणाची एखादी गोळी मध्यात बसली की तो कागद मिरवत यायचा. उस्ताद त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ज्याची पाचही भोकं कागदाच्या कोपऱ्यात, पण एकमेकांना चिकटून, त्याच्या पाठीवर थाप पडायची. "बुल नको, ग्रुप दाखव. ग्रुप असला तर साइट फिरवून बुलात आणता येतो. ग्रुपच नसंल तर काय फिरवायचं?" माझा ग्रुप चांगला पडायचा. अंगठ्याखाली झाकला जायचा. एकदा मात्र माझ्या मागे उभं राहून ते म्हणाले होते, "तुझी रायफल मान टाकती." मी मान वर केली, कागदाकडे पाहिलं; अंगठ्याएवढा ग्रुप. पुढे कॅम्पसाठी निवड झाली. ते वाक्य तिथेच राहिलं.

त्याला आता तीस वर्षं झाली.

अंतर वाढलं की ग्रुप का फुटतो, याचं पहिलं उत्तर माझ्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून होतं. आमचे आबा गवंडी. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली जायचो. माल कालवायचा, विटा पाण्यात बुडवून द्यायच्या, दोरी धरायची. जोत्यापाशी भिंत एक सूत बाहेर गेली, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर डोळ्याला काही दिसत नाही. पण तीच तिरकी चाल धरून थर चढत गेले की स्लॅबपाशी ती चार बोटं बाहेर आलेली असते. एकदा त्यांनी ओळंबा लावला, डोळा बारीक करून दोरीकडे पाहिलं आणि बांधलेले तीन थर थापीनं उतरवले. घरमालक ओरडत होता, सिमेंट वाया जातंय म्हणून. आबा काही बोलले नाहीत. ओला माल खरवडत राहिले.

गोळीचं निम्मं गणित असंच आहे. चूक नळीच्या तोंडाशीच झालेली असते, अंशाच्या एखाद्या तुकड्याएवढी, आणि अंतर तिला फक्त उलगडतं. अंशाचा साठावा भाग ५० मीटरवर साडेचौदा मिलिमीटर होतो आणि १०० वर २९. दुप्पट अंतर, दुप्पट पसारा. श्वास, चाप, नजर, फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटच्या, रिंगमध्ये टार्गेटचं काळं वर्तुळ नीट मधोमध बसलं की नाही, नळीची आणि गोळीची आपापसातली बनत, या सगळ्यांच्या चुका अशा भिंतीसारख्या सरळ रेषेत वाढतात. त्यामुळे ग्रुप दुप्पट झाला असता तर विचारण्यासारखं काही नव्हतंच. माझा तिपटीहून मोठा झाला होता. म्हणजे सरळ रेषेत न वाढणारं काहीतरी त्यात होतं, आणि ते पन्नासवर नाण्याखाली दडून बसलं होतं.

त्या रात्री वही घेऊन बसलो. .२२ ची स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत ठेवलेली, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून १२ सेंटिमीटर खाली पडते. शंभर मीटरला वेळ दुपटीहून थोडा जास्त, पण पडणं अर्ध्या मीटरहून जास्त. चौपट. पडणं वेळेच्या वर्गानं वाढतं हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल, पण माझ्या कागदावरच्या भोकांशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता. एका डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक असेल तर पन्नासवर त्या सात मिलिमीटर वर-खाली लागतील आणि शंभरवर तीन सेंटिमीटर. वाऱ्याचंही तसंच, पन्नासवर जी झुळूक एक रेघ सरकवते ती शंभरवर जवळजवळ चार रेघा सरकवते. म्हणजे दुपटीच्या वरचं जे काही वाढतं ते वेगातून येतं, नाहीतर वाऱ्यातून. वेगातला फरक उभा दिसणार, वारा आडवा. उस्तादांनी चार शब्दांत विचारलं ते हे होतं.

वाऱ्याची आणखी एक खूण असते. नळीतले आटे उजवीकडे फिरणारे असतील, आणि बहुतेक रायफलींचे ते तसेच असतात, तर उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे नेतो आणि किंचित वर उचलतो. डावीकडून आलेला उजवीकडे आणि किंचित खाली. घड्याळातल्या दहाकडून चारकडे जाणारी तिरकी रेघ कागदावर उमटली की वाऱ्याचं नाव घ्यायला हरकत नाही. हे मला ठाऊक होतं. माझ्या नेमबाजीच्या जुन्या वह्या मी त्या रात्री काढून चाळल्या, त्यात मी ते स्वतःच्या अक्षरात लिहूनही ठेवलंय. आणि त्याच वह्यांत, जिथे जिथे दिवस वाईट गेला तिथे तिथे शेरा एकच: वारा. कुठे "वारा, दुपारी मृगजळ". एप्रिलमधल्या दुपारी दुर्बिणीतून पाहिलं की टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलतं हे खरं आहे. पण डिसेंबरातल्या सकाळीही मी वाराच लिहिला होता. किती वर्षं मी न बघता लिहीत होतो, हे पानं उलटताना कळत गेलं, आणि वही मिटावीशीही वाटेना, उघडी ठेवावीशीही वाटेना.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. सोबत माझा जुना सोबती होता. त्याचं औषधांचं दुकान आहे आणि तो माझ्याहून शांत गोळी मारतो. जाताना मी एक गोष्ट केली. शंभरवर लावायच्या कागदावर काळं वर्तुळ बरोबर दुप्पट व्यासाचं चिकटवलं, म्हणजे रिंगमधून दिसणारं चित्र पन्नाससारखंच राहील आणि नजरेला दोष देता येणार नाही. सकाळी साडेसातला पोचलो. बटाच्या पलीकडे उसाच्या शेतात एक गुऱ्हाळ चालू होतं. चुलाणात चिपाडं ढकलली जात होती, काहिलीतल्या उकळत्या रसाचा गोड, जडसा वास तिथपर्यंत येत होता. आणि धुराड्यातून निघालेला धूर काठी रोवावी तसा सरळ वर गेलेला. बराच उंच गेल्यावर कुठे तो पसरत होता. पान हलत नव्हतं.

मी पाच गोळ्या झाडल्या आणि या वेळी पट्टी खिशातच ठेवून कागदासमोर उभा राहिलो. पाचही भोकं जवळजवळ एका आडव्या रेघेत होती. चतकोर भाकरीच्या कडेसारखी जराशी वाकलेली, पण आडवी. तिरकी नव्हेत. उभी तर मुळीच नव्हेत. धुराकडे पाहिलं, तो अजून सरळच होता. म्हणजे वारा नाही. वेगातला फरक असता तर पसारा उभा पडला असता. मग उरतं काय? सोबत्याला म्हणालो, तू माझ्या रायफलनं मार. त्यानं पाच मारल्या. चार सेंटिमीटर, गोलसर. रायफल तीच, डबा तोच, सकाळ तीच. आता उरलो होतो मी.

तेव्हा ते वाक्य आठवलं. तुझी रायफल मान टाकती.

मी मॅटवर पडलो आणि सोबत्याला मागे उभं राहून फक्त रायफल बघायला सांगितलं, मला नाही, टार्गेट नाही. गोळी झाडली. "उजवीकडे कललीय," तो म्हणाला. बोल्ट ओढून दुसरी गोळी भरली, गाल टेकवला, झाडली. "आता सरळ आहे." तिसरी. "परत उजवीकडे, मघापेक्षा जास्त." मला आतून काहीच जाणवत नव्हतं. रिंग गोल, काळं वर्तुळ गोल. गोलात गोल कसंही फिरवलं तरी चित्र तेच दिसतं. रायफल कललेली असली तरी नेम चुकलेला नसतो. चुकतं ते पुढे. गोळी जेवढी खाली पडणार तेवढी नळी आपण वर उचलून ठेवलेली असते, आणि रायफल कलली की ते उचलणं सरळ वर न राहता बाजूला झुकतं. पाच अंश कललं तर पन्नासवर १२ सेंटिमीटरमधला एक सेंटिमीटर बाजूला जातो, शंभरवर साडेचार. आणि २५ यार्डांवर, जिथे मी शिकलो, तिथे जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. म्हणजे गोळीच्या भोकाच्या निम्म्याएवढेही नाहीत. अंगठ्याखाली ते कसे दिसणार होते? उस्तादांना मात्र कागद न पाहता, मागून, उभ्या उभ्या दिसलं होतं.

सिमेंटच्या रेंजवर जमीन सपाट असते, समोर टार्गेटच्या चौकटींची रांग ताठ उभी असते, शरीर नकळत त्यांना धरून राहतं. बटावरची जमीन डावीकडून उजवीकडे उतरती होती आणि समोर नुसता मातीचा ढिगारा. डोळ्याला धरायला काही नव्हतं. गोळी भरायला उजवा हात सुटला की रायफल उताराकडे जायची आणि मी ती दर वेळी अंदाजानं परत आणायचो. मला हे समजल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही, कोडं सुटल्याचा. पण त्याबरोबर घशाशी काहीतरी आलं. रुपयाच्या नाण्याएवढ्या ज्या ग्रुपवर मी इतकी वर्षं समाधानी होतो, त्याच्या आतही हा एक सेंटिमीटर होताच. कितीतरी स्पर्धांत दहाच्या रिंगला चाटून गेलेल्या गोळ्या होत्या. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग अवघी १०.४ मिलिमीटरची असते. त्या गोळ्यांतल्या काही माझ्या होत्या आणि वहीत त्या वाऱ्याच्या नावावर मांडलेल्या आहेत. आमच्या कोल्हापूरनं याच पन्नास मीटरवर काय काय पाहिलंय. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, त्या आठवड्यात मी रोज रेंजवर जात होतो. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ४५१.४ गुणांवर ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं तेव्हा मोबाइलसमोर माझे हात थरथरत होते. त्यांच्या वाटेला मी कधीच पोचलो नसतो, ते मला माहीत आहे. पण जे माझं होतं तेवढं तरी पूर्ण बघायचं राहून गेलं, हे लागलं.

घरी आल्यावर आईला विचारलं, आबांचा ओळंबा कुठे आहे. ती काही न बोलता आत गेली आणि ट्रंकेतून थापी, गुंडाळलेली दोरी आणि पितळी ओळंबा असं फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. ओळंबा काळा पडला होता. तिनं चिंच लावून घासला, पाण्यानं धुतला, पदरानं पुसला. आबा गेल्यापासून त्या फडक्याची गाठ कुणी सोडली नव्हती. "भिंत कुठली बांधतोयस?" तिनं विचारलं. मी सांगितलं, रायफल सरळ धरायचीय. तिनं ते हातात तोललं, टोकाला बोट लावून पाहिलं. "दोरी नवी घाल," म्हणाली, "ही कुजली असंल."

तिसऱ्या रविवारी टार्गेटशेजारी एक बांबू रोवला, ओळंबा लावून चहूबाजूंनी सरळ केला, चुन्यानं पांढरा केला आणि त्याला काटकोनात एक आडवी पट्टी बांधली. फोरसाइटच्या नळीत रिंगला धरून ठेवणाऱ्या दोन बारीक आडव्या दांड्या असतात. इतकी वर्षं त्या माझ्या नजरेआड होत्या. आता प्रत्येक गोळीआधी त्या दांड्या आणि ती पांढरी पट्टी जुळवायची. मागे सोबती ओळंब्याची दोरी डोळ्यासमोर धरून उभा. "थांब. डावीकडे जरा. आता." बोल्ट, गाल, श्वास. "थांब." पाच गोळ्यांना बारा मिनिटं लागली. खांदा दुखायला लागला, कारण शरीराला सरळ ते वाकडं वाटत होतं. गुऱ्हाळाचा धूर त्या दिवशीही सरळ होता. पाच-पाच गोळ्यांचे चार कागद झाडले, एकावर विसंबायचं नाही म्हणून. सगळे चारच्या आसपास. एक ३८ मिलिमीटर.

कागद या वेळी घरी आणले. टेबलावर एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले, तेव्हा चारही कागदांतली भोकं मिळून एक आकार दिसायला लागला. आडवा पसारा गेला होता. पण पूर्ण गोलही नव्हता. अंड्यासारखा, वरून खाली लांबट. मी बराच वेळ तो धरून बसलो. मग फोन लावला.

"उस्ताद, चारवर आलाय. मी मान टाकत होतो."

"व्हय," ते म्हणाले, जणू काल सकाळीच त्यांनी ते सांगितलं होतं. मग थोडं थांबून, "आन आता?"

"आता उभा आहे."

पलीकडे खाटेचा करकर आवाज झाला. ते उठून बसले असावेत.

"गोळ्यांचा डबा कुठला हाय? लॉट नंबर वाचून दाखव."

मी चष्मा शोधायला उठलो.